दाराशी बोका, बाहेर लाल दिवा

आमच्या बोक्याचं नाव बांगडा. पाठीवर अगदी बांगड्याला असतात तसे काळपट नागमोडी पट्टे, म्हणून. मागच्या चैत्रात मोटारसायकलखाली आला, मागचा डावा पाय मोडला, पायात पिन घालावी लागली. डॉक्टरांनी बजावलं, आता हा घरातला प्राणी, बाहेर सोडू नका. त्यांचं काय जातं सांगायला! आमचं घर पूर्णगडला, उतारावर, जांभ्याचं आणि कौलारू. खाली मुचकुंदीच्या मुखाशी होड्या लागतात आणि मासळीचा वास वाऱ्याबरोबर थेट आमच्या पडवीत येतो. बोका साडेतीन पायांवर का होईना, दाराशी टपलेलाच. त्यात रात्री बिबट्याचं भय. वाडीतली दोन कुत्री गेल्या पावसाळ्यात गेली ती गेलीच.

मी कोकण रेल्वेत सिग्नलच्या कामावर होतो, १९९८ च्या जानेवारीत मार्ग सलग सुरू झाला तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत. मला प्रोग्रॅम लिहिता येत नाही, रिले, म्हणजे विजेने ओढला जाणारा स्विच, जोडता येतो. म्हणून बोका दारातून सटकू नये यासाठी पुढे जे सांगतोय त्यात अ‍ॅप नाही, वायफाय नाही. १२ व्होल्टची बॅटरी, तीन प्रकारचे सेन्सर, रिले, लाल-हिरव्या दिव्यांच्या दोन जोड्या आणि एक बझर. मला सगळं मिळून साडेतीन हजारांच्या आसपास खर्च आला, पैकी सातशे रुपये चुकांचे.

आधी वही

काहीही विकत घेण्याआधी दोन आठवडे वही ठेवा. बोका कधी सटकला, कुठून, आणि त्या वेळी दारात कोण होतं. माझ्या वहीत पंधरा दिवसांत नऊ नोंदी झाल्या. सहा पुढून, त्यातल्या चार मासेवाली आली तेव्हाच्या. दोन मागीलदाराने, सौ. दोन्ही हातांत बादल्या घेऊन बाहेर पडताना. एक वरून, भिंत आणि वाशांमधल्या फटीतून.

ही शेवटची वाट सेन्सरचा विषयच नाही. कौलारू घरात भिंतीच्या माथ्यावर जी फट असते ती जाळीने बंद करायची, बस्स. मात्र कोंबड्यांची लोखंडी जाळी घेऊ नका. खाऱ्या वाऱ्यात दोन पावसाळ्यांत तिचा भुगा होतो. मी बंदरावरून जाड दोऱ्याचं जुनं नायलॉनचं जाळं आणलं, दुहेरी केलं आणि लाकडी पट्ट्यांखाली ताणून ठोकलं. खिळे पितळी.

बाकीच्या आठ नोंदी पुन्हा वाचल्या तेव्हा एक गोष्ट दिसली. बोक्याने एकदाही दार उघडलं नव्हतं. आठही वेळा माणसाने उघडलं होतं, बोका पायाशी आहे हे ठाऊक नसताना. रेल्वेत याला आम्ही सरळ म्हणायचो: पुढची लाइन मोकळी आहे का हे न बघता गाडी सोडली. तेव्हा सांगायचं आहे ते माणसाला, तेही त्याचा हात कडीवर पडण्याआधी.

माझी पहिली चूक

पहिल्या खेपेला मी दाराशी सेन्सर लावून बोका जवळ आला की बझर वाजेल असं केलं. कल्पना अशी की तो दचकून मागे जाईल. तीन दिवस दचकला. चौथ्या दिवसापासून बझर वाजला की माजघरातून धावत यायला लागला, कारण बझर वाजला म्हणजे दाराशी काहीतरी घडतंय हे त्याला कळलं होतं. मोठा आवाज, पाण्याचा फवारा, विजेचा झटका असले प्रकार लोक सुचवतात. झटका तर करूच नका. आणि घाबरवलेलं मांजर मागेच पळेल असंही नाही. दार उघडं असेल तर ते बाहेरच्या बाजूलाही पळतं.

दुसरी चूक अल्ट्रासोनिक सेन्सरची. पुतण्याने आणून दिलेला, दोन डोळ्यांसारखा दिसणारा. तो ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडून प्रतिध्वनी मोजतो. आपल्याला २० च्या वरचं ऐकू येत नाही, म्हणून आपण त्याला मुका समजतो. मांजराला ६० किलोहर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं. बांगडा त्या सेन्सरसमोर कान टवकारून बसायचा आणि पंजाने त्याला टपल्या मारायचा. सेन्सर बिचारा अंतर काय मोजणार!

बिघडला तर लाल

आता मुद्द्याचं. रेल्वेत रूळ मोकळा आहे हे ओळखण्याची एक जुनी पद्धत अशी, की रुळातून सौम्य वीज सोडून पलीकडे एक रिले उचलून धरायचा. गाडी आली की तिची चाकं दोन रूळ जोडतात, रिलेला वीज मिळत नाही, तो पडतो आणि सिग्नल लाल होतो. गंमत अशी की तार तुटली, बॅटरी संपली तरी रिले पडतोच. म्हणजे बिघाड झाला तर लाल. चुकीचा लाल चालतो, गाडी थोडी खोळंबते. चुकीचा हिरवा चालत नाही.

बाजारात मिळणारी बरीच मांजर-सेन्सरची जुगाडं उलट विचाराने केलेली असतात. सेन्सरने बोका पाहिला तर वायरीतून सिग्नल येतो. वायर उंदराने कुरतडली की सिग्नल येत नाही, आणि यंत्र खुशाल सांगतं, कोणी नाही. तुम्ही दार उघडता. आमच्याकडे उंदीर, मुंग्या, खारा वारा आणि लोडशेडिंग असं चारही बाजूंनी असताना हे परवडत नाही.

म्हणून दाराशी फोटोसेलचा जोड घ्या. ऑटोमॅटिक गेट मध्येच माणसावर बंद होऊ नये म्हणून दोन खांबांवर लावतात तो. एक डबी अदृश्य इन्फ्रारेड किरण सोडते, समोरची डबी तो घेते, आणि आत एक रिले असतो. तो १२ व्होल्टवर चालतो आणि काही मीटरचं अंतर सहज पार करतो. साधे इन्फ्रारेडचे छोटे जोड स्वस्त असतात, पण अर्ध्या मीटरच्या पुढे बिचकतात आणि आपलं दार तीन फुटांचं. लेझर मात्र नको. मांजराच्या डोळ्यांच्या उंचीवर लेझर लावणं म्हणजे एका दुखण्यावर दुसरं.

घेताना दुकानातच मल्टिमीटरने एक परीक्षा करा. किरण मोकळा असताना जी दोन टोकं जुळलेली आहेत, ती मध्ये हात घातल्यावर सुटली पाहिजेत, आणि डबीची वीज काढल्यावरही सुटली पाहिजेत. दोन्ही वेळा सुटली तरच घ्या. वीज काढल्यावर जुळलेलीच राहिली तर तो जोड परत करा, कितीही स्वस्त असला तरी. कागदावर काय छापलंय त्यावर विसंबू नका.

आमचं माजघराचं मोठं दार दिवसभर उघडंच असतं, कोकणातल्या घरांत असतंच. म्हणून पडवीला लोखंडी चौकटीचं, जाळीचं दार करून घेतलं, बाहेर उघडणारं. बाहेर उघडणारंच हवं, कारण फोटोसेल आतून दाराला अगदी चिकटून लावायचा आहे: दारापासून वीतभर आत, जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर. बोका बाहेर पडायच्या आशेने बसतो तो नाक फटीला लावून बसतो, म्हणजे बरोबर किरणात. दार आत उघडणारं असेल तर फळ्या डब्यांवर आपटतील, आणि डब्या मागे सरकवल्या तर बोका किरण आणि दार यांच्यामध्ये आरामात बसेल.

आमची पडवी पश्चिमेला तोंड करून. संध्याकाळचं तिरपं ऊन किरण घेणाऱ्या डबीत शिरलं की ती आंधळी होते, त्यामुळे तिचं तोंड उत्तरेकडे ठेवलं. आंधळी झाली तरी लालच होते म्हणा, पण रोज पाच ते सात लाल दिवा बघून घरची माणसं त्याच्याकडे बघणं सोडून देतात.

हलणाऱ्या बोक्यासाठी दुसरा डोळा

किरण बसलेला बोका पकडतो. माजघरातून भरधाव येणाऱ्याला पकडतो तेव्हा तो दारातच असतो. त्यासाठी पीआयआर, म्हणजे शरीराच्या उष्णतेची हालचाल ओळखणारा सेन्सर. चोर पकडणाऱ्या अलार्मला लावतात तो १२ व्होल्टचा, एनसी टोकांचा घ्या. त्याची टोकं एरवी जुळलेली असतात. हालचाल दिसली किंवा वीज गेली की सुटतात. आपल्या तत्त्वात चपखल.

इथे माझे सातशे गेले, ते ऐका. दुकानदाराला मी म्हटलं, घरात मांजर आहे, चांगला पीआयआर द्या. त्याने अगत्याने ‘पेट इम्यून’ दिला. घरी आणून लावला तर बोका समोरून तीनदा गेला, सेन्सर ढिम्म. पेट इम्यून म्हणजे पाळीव प्राण्याकडे मुद्दाम दुर्लक्ष करणारा! मांजर घरात हिंडलं तरी अलार्म वाजू नये म्हणून बनवलेला. आपल्याला साधाच हवा.

तो गुडघ्याच्या उंचीवर, पडवीच्या आडवा बघेल असा लावा. दाराकडे तोंड करून लावलात तर अंगणातलं तापलेलं ऊन आणि वारा त्याला सतत छळतील. भिंगाचा वरचा अर्धा भाग काळ्या चिकटपट्टीने झाका. एप्रिल-मेमध्ये हवाच तापलेली असते, त्यामुळे बोक्याच्या अंगाची ऊब वेगळी उठून दिसत नाही आणि याची नजर अधू होते. तेव्हा भिस्त किरणावर. आणि भिंगावर पाल बसली की लाल. पाल चुकचुकली की काम खोळंबतं म्हणतात, ते आमच्याकडे शब्दशः खरं झालं.

जोडणी

बॅटरीच्या धन टोकापासून १ अँपिअरचा फ्यूज. तिथून दोन फाटे. एक फाटा फोटोसेलच्या दोन्ही डब्यांना आणि पीआयआरला कायम वीज देतो. दुसरा फाटा फोटोसेलच्या जुळलेल्या टोकांतून, मग पीआयआरच्या एनसी टोकांतून, एकामागून एक असा, एका टाइम-डिले रिलेच्या पट्टीला वीज पुरवतो. ही पट्टी बाजारात तयार मिळते. वीज मिळाल्यावर ठरावीक वेळ थांबून मगच रिले उचलणारी, म्हणजे ऑन-डिले, अशी मागा. छोट्या स्क्रूने मी २० सेकंद लावलेत. मध्येच वीज तुटली की मोजणी पुन्हा शून्यापासून.

या पट्टीवरच्या रिलेचं कॉम (सामाईक) टोक धन वायरीला, एनओ टोक (रिले उचलल्यावर कॉमला जुळणारं) हिरव्या दिव्याला, एनसी टोक (रिले पडलेला असताना जुळलेलं) लाल दिव्याला. दिव्यांची दुसरी टोकं ऋण वायरीला. झालं. दाराशी २० सेकंद सलग कोणी नाही, सगळ्या वायरी शाबूत, सेन्सर चालू, इतकं सगळं जमलं तरच हिरवा. एकही बिनसलं की लाल. रेल्वेत गाडीला दिलेला रूट, म्हणजे मार्ग, रद्द करताना १२० सेकंद थांबावं लागायचं, स्टेशन मास्तर कितीही चिडला तरी. बांगड्याला २० पुरतात.

दिवे म्हणून कंट्रोल पॅनेलवर लावतात ते २२ मिलिमीटरचे १२ व्होल्टचे इंडिकेटर घ्या, उन्हातही दिसतात. ते दाराच्या बाहेर, कडीच्या वर, डोळ्यांसमोर हवेत. मी दोन्हींवर करवंटीची झापड बसवली, सिग्नलला असते तशी. आत आणखी एक जोडी माजघराच्या तोंडाशी. आणि घरच्या सगळ्यांना रेल्वेचा नियम पाठ करायला लावला: दिवा लागलेलाच नसेल तर तो लाल समजायचा.

आता लाल असताना मासेवालीने काय करायचं, टोपली घेऊन उभं राहायचं? तर नाही. बाहेर बेलचं बटण, त्याचा बझर स्वयंपाकघरात. ही सौ.ची युक्ती, माझी नव्हे. बझर बोक्याला पळवत नाही, बोलावतो ना? मग त्याला दाराकडे कशाला, चुलीकडे बोलावू. बझर वाजला की स्वयंपाकघरात माशाचा एक उकडलेला, बिनमिठाचा तुकडा. सुकं खारवलेलं देऊ नका, मीठ फार. आठवड्याभरात बांगडा बझर ऐकला की दार सोडून आत धावायला लागला. मग २० सेकंदांनी हिरवा, आणि टोपली आत. आता तो कधीकधी मुद्दाम दाराशी येऊन बसतो, कोणीतरी बेल दाबेल या आशेने. ते आम्ही चालवून घेतो.

लोटलेलं दार

मागीलदाराला एवढा थाट नको. तिथे दुखणं एकच: दार लोटलं जातं, लागत नाही. त्याला रीड स्विच. काचेच्या नळीत दोन पातळ पत्र्या, लोहचुंबक जवळ आला की चिकटतात. चुंबक दारावर, स्विच चौकटीवर, दोन्ही बिजागरीच्या विरुद्ध बाजूला वरच्या कोपऱ्यात. तिथे दार बोटभर उघडलं तरी चुंबक लांब जातो. बिजागरीकडे लावलंत तर बोका निघून जाईल आणि स्विचला पत्ता नसेल.

दार बंद तेव्हा स्विच जुळलेला, त्यातून एक साधा १२ व्होल्टचा रिले उचललेला. दार उघडलं की रिले पडतो, त्याच्या एनसी टोकातून दुसऱ्या टाइम-डिले पट्टीला वीज मिळते आणि १० सेकंदांनी स्वयंपाकघरातला तोच बझर. १० सेकंदांत बादली घेऊन माणूस बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो. उगाच कटकट होत नाही. रिलेच्या कॉइलवर, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीवर, १एन४००७ डायोड उलटा जोडा, डायोडवरच्या पट्ट्याची बाजू धन टोकाकडे, नाहीतर रिले पडताना उठणारा विजेचा झटका रीडच्या पत्र्या जाळतो. पडवीच्या लोखंडी दारालाही मी असाच रीड लावला. तिथे चुंबकाखाली सेंटिमीटरभर लाकडाचा ठोकळा घातला, कारण लोखंड चुंबकाची अर्धी ताकद स्वतःच गिळतं. लाकडी दार पावसात फुगतं, तेव्हा मृगात आणि दिवाळीत असं दोनदा अंतर तपासावं लागतं. आणि खरं सांगू, दार आपोआप ओढून घेणारी स्प्रिंग या सगळ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या आधी लावा.

खारा वारा, मुंग्या, वीज

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं तेव्हा वर दापोली-मंडणगडात कित्येक दिवस वीज नव्हती. पुढच्याच मेमध्ये तौक्ते. त्यामुळे बॅटरीशिवाय हे करू नका. ७ अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी आणि १३.५ ते १३.८ व्होल्टवर थांबणारा चार्जर. माझी जोडणी साधारण १३० मिलिअँपिअर खाते, दीड दिवस सहज निघतो. गडगडायला लागलं की चार्जर भिंतीतून उपटा, बॅटरीवर चालू द्या.

नुसते पिळलेले सांधे इथे टिकत नाहीत. सोल्डर करा, वर तापवल्यावर आकसणारी नळी चढवा, स्क्रूच्या टोकांना व्हॅसलीन फासा. डबीत वायर खालून शिरवा आणि शिरण्याआधी खाली लोंबती ठेवा, म्हणजे पागोळीचं पाणी वायरीवरून आत न जाता टोकाशी गळून पडेल. उघड्या रिलेत मुंग्या घर करतात, दोन टोकांमध्ये चिरडून बसतात आणि रिले जुळतच नाही; रिले बंद कवचाचेच घ्या.

दर रविवारी परीक्षा. किरणात एक असोला नारळ उभा ठेवायचा, लाल व्हायलाच हवा. उचलला की २० मोजायचे, हिरवा. मग फोटोसेलची एक वायर काढायची, पुन्हा लाल. बोक्याला या कामाला लावू नका, तो कधी वेळेवर येत नाही.

गळ्यातला ब्लूटूथ टॅग किंवा कातडीखालची चिप यांची या सिग्नलशी गल्लत करू नका. टॅग सटकल्यानंतर शोधायला थोडा उपयोगी. चिपला बॅटरी नसते, ती १५ आकडी नंबर तेवढा सांगते, तोही वाचणारं यंत्र अगदी अंगाशी नेल्यावर. दोन्ही बोक्याला दारात अडवत नाहीत.

जूनपासून जुलैअखेर मासेमारी बंद असते, तेव्हा आमचा सिग्नल जवळजवळ कायम हिरवा. नारळी पौर्णिमा झाली की पुन्हा लाल. आणि गणपतीत? तेव्हा दार बंद ठेवायचा प्रश्नच नाही. आरतीला वाडी जमते, पोरं आत-बाहेर करतात, मुंबईकर पाहुणे करवंटीखालच्या दिव्याचे फोटो काढतात आणि दार सताड उघडं सोडतात. म्हणून रुळांच्या कामासाठी गाड्या थांबवून ब्लॉक घ्यायचो तसा मी ब्लॉक घेतो. बांगडा मागच्या खोलीत, त्याचं पाणी, मातीची पाटी आणि जुनी गोधडी आत, दाराला बाहेरून कडी, आणि कडीला लाल फडकं. फडकं सोडायचा अधिकार फक्त सौ.ला.